भर दुपारी सोलर ट्रिप का होतं? गावच्या लाईनला रूफटॉप जोडताना करायची मापं आणि कामं

छतावर पॅनल बसतात, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज वेगळी मोजणारा) लागतो, पहिले पंधरा दिवस सगळं छान चालतं. मग एका स्वच्छ दुपारी बाराच्या सुमारास इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज लाईनला चालेल अशी एसी करणारी पेटी) लाल दिवा दाखवतो, ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ म्हणतो, मिनिटभर थांबून परत चालू होतो आणि पुन्हा पडतो. घरमालक एजन्सीला फोन करतो, एजन्सी लाईनमनकडे बोट दाखवते आणि लाईनमन म्हणतो, लाईट तर आहे. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. दोष बहुतेक वेळा पॅनलमध्येही नसतो आणि इन्व्हर्टरमध्येही नसतो. तो घर आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) यांच्या मधल्या तारेत असतो, आणि ती तार जोडणीआधी कोणी मोजलेली नसते.

हा लेख महाराष्ट्रातल्या गावठाण आणि छोट्या शहरांतल्या एलटी लाईनसाठी, म्हणजे डीपीपासून घरांपर्यंतच्या कमी दाबाच्या लाईनसाठी, आहे: १ ते १० किलोवॅटचं घरगुती रूफटॉप, ६३ किंवा १०० केव्हीएची डीपी आणि लांब गेलेली उघडी तार.

लाईन कशासाठी बांधली होती

आपल्याकडची डीपी ११ केव्हीचं ४३३ व्होल्ट करते. म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये, लोड नसताना, २५० व्होल्ट. घरात २३० हवे असताना २५० का? कारण वीज डीपीकडून शेवटच्या घराकडे जाताना वाटेत व्होल्टेज पडणार, हे धरूनच ती बांधली आहे. पहिल्या घराला थोडे जास्त आणि शेवटच्या घराला थोडे कमी मिळतील, असा तो जुना हिशोब.

सोलर हा हिशोब उलटा करतं. वीज शेवटच्या घरातून डीपीकडे चढायला लागली, की व्होल्टेज त्याच घरात सगळ्यात जास्त होतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी-नियमांप्रमाणे व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या ११० टक्क्यांवर किंवा ८० टक्क्यांखाली गेलं, तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाईनपासून सुटायचं असतं. २३० धरले तर वरची हद्द २५३ व्होल्ट. डीपीतून लोड नसताना २५० निघतात आणि हद्द २५३ ला आहे. मधे उरले फक्त तीन व्होल्ट.

शेतीच्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वेगळ्या वाहिनीवर) ही अडचण इतकी येत नाही. तिथे दिवसा पंप चालतात, वीज तिथल्या तिथे खपते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचा विचार त्यामुळेच तांत्रिकदृष्ट्या ठीक बसतो. गावठाण फीडरचं दुखणं वेगळं आहे. दुपारी बारा ते दोन माणसं शेतात किंवा कामावर असतात आणि घरात फ्रिज आणि एखादा पंखा चालू असतो. सोलर भरात आणि लोड तळाला, असं तिथे रोजच होतं.

पहिलं काम: गिझर लावून तार मोजा

कोटेशन मागवण्याआधी हे करा. एक बरा मल्टिमीटर आणि एक टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लागतो. वायरमन अर्ध्या तासात करून देतो. मीटरजवळचं काम स्वतः अंदाजाने करू नका.

१. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, मोठं काही चालू नसताना, मीटरनंतरच्या मेन स्विचवर फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजा. समजा २४६ आले.

२. २ किलोवॅटचा गिझर चालू करा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. समजा २३९ आले. टाँग टेस्टर मेनच्या फेज तारेला लावून करंट घ्या. साधारण ९ अँपिअर दिसेल.

३. फरक ७ व्होल्ट, करंट ९ अँपिअर. सात भागिले नऊ म्हणजे ०.७८ ओहम. तुमच्या मीटरपासून डीपीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या सगळ्या तारेचा, सांध्यांचा आणि न्यूट्रलचा हा एकत्र रोध.

४. गिझर बंद-चालू करून हे तीन-चार वेळा करा. शेजारच्या लोडमुळे एखादं माप चुकतं. मधलं घ्या.

आता ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर पूर्ण भरात २० अँपिअर बाहेर ढकलेल. २० गुणिले ०.७८ म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. २४६ अधिक साडेपंधरा म्हणजे २६१ च्या वर. हा संच त्या जागी सिंगल फेजवर टिकणार नाही, हे एक पैसा खर्च व्हायच्या आत कळलं.

हाच आकडा कागदावरही काढता येतो. गावात बऱ्याच ठिकाणी वीझल नावाची एसीएसआर तार (पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम तार) असते. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. डीपी ३०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे ०.५४ ओहम. खांबापासून मीटरपर्यंत ३० मीटर, ६ चौरस मिमी ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर: किलोमीटरला ४.६१ ओहम, जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.२८ ओहम. एकूण ०.८२. गिझरच्या मापाचं आणि कागदाचं साधारण जुळलं तर लाईन निरोगी आहे. गिझरच्या मापात आकडा दीडपट-दुप्पट आला तर कुठेतरी सांधा सैल आहे किंवा न्यूट्रल बारीक आहे. जुन्या लाईनवर फेजला वीझल आणि न्यूट्रलला त्याहून बारीक स्क्विरल, ज्याचा रोध किलोमीटरला सुमारे १.४ ओहम, अशी काटकसर केलेली आढळते. असा दोष आधी दुरुस्त करून घ्या, सोलरचं नंतर बघा.

डीपीवर जागा आहे का

शाखा कार्यालयात दोन गोष्टी विचारा: तुमची डीपी किती केव्हीएची आहे आणि तिच्यावर आधीच किती किलोवॅट रूफटॉप मंजूर आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार एका डीपीवरच्या सगळ्या रूफटॉपची बेरीज तिच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत चालते. त्यापुढे लोडचा सविस्तर अभ्यास लागतो. म्हणजे ६३ केव्हीएवर सुमारे ४४ आणि १०० केव्हीएवर ७० किलोवॅट.

केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य झाला असं धरलं जातं आणि मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घेतला जातो. ५ किलोवॅटपर्यंत लाईन सशक्त करावी लागली तर तो खर्च वितरण कंपनीचा. ग्राहकाच्या दृष्टीने हे सोयीचं आहे, पण त्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: तुमची लाईन तपासायला कोणी येणार नाही. तपासणी माफ झाली म्हणून तारेचा रोध कमी होत नाही. ७० टक्क्यांची अटही डीपी तापू नये यासाठी आहे. तीनशे मीटरवरच्या शेवटच्या खांबावर व्होल्टेज किती चढेल, हे ती सांगत नाही. दहा घरं डीपीच्या आसपास असली तर काही होत नाही, आणि तीनच घरं एका लाईनच्या टोकाला, एकाच फेजवर असली तर तिघांचेही इन्व्हर्टर पडतात.

आकार ठरवणं

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. महाराष्ट्रात १ किलोवॅटला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट, महिन्याला सुमारे १२० युनिट धरा. पावसाळ्यात ते बरंच खाली येतं. महिन्याला ३०० युनिट लागत असतील तर अडीच-तीन किलोवॅट पुरे. ‘घेतच आहात तर ५ घ्या’ हा एजन्सीचा सल्ला त्यांच्या सोयीचा असतो. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये आहे. ३ किलोवॅटला ७८,००० झाले की त्यापुढे वाढत नाही. जास्तीचे २ किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून जातात आणि व्होल्टेजही तेच जास्त चढवतात.

सिंगल की थ्री फेज

मार्गदर्शक लेखात एकच गोष्ट ठसवायची असेल तर ती ही. वरचंच उदाहरण घ्या: ५ किलोवॅट, ०.८२ ओहम, सिंगल फेजवर चढ १६ व्होल्ट. तोच संच थ्री फेज केला की प्रत्येक फेजमध्ये एक तृतीयांश करंट जातो आणि तिन्ही सारखे असल्याने न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच परतत नाही, म्हणजे तारेची परतीची निम्मी लांबी हिशोबातून गळते. एक तृतीयांशाचा निम्मा म्हणजे एक षष्ठांश. १६ व्होल्टचे २.७ झाले. तार तीच, खांब तेच.

थ्री फेजचा स्थिर आकार जास्त पडतो आणि इन्व्हर्टर थोडा महाग येतो. तरीही डीपी दोनशे मीटरपेक्षा लांब असेल आणि ४ किलोवॅट किंवा जास्त बसवायचं असेल तर आमचं मत थ्री फेजच्या बाजूने आहे. सिंगल फेजच ठेवायचा असेल तर लाईनमनला विचारून डीपीवर कोणता फेज जास्त भरलेला आहे ते बघा आणि तुमची सर्व्हिस त्या फेजवर घ्या. तिथे दुपारीही लोड असतो आणि तुमची वीज शेजारीच खपते. सगळं सोलर एका फेजवर आलं तर त्या फेजचं व्होल्टेज चढतं, न्यूट्रल सरकतो आणि बाकीच्या दोन फेजवरच्या घरांत उलट थोडं कमी येतं. मग आळीत कोणाचे बल्ब उडतात आणि कोणाचा पंखा हळू फिरतो, आणि दोघंही सोलरवाल्याला दोष देतात.

घराच्या आतली तार

इन्व्हर्टर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर, मीटरवर नाही. इन्व्हर्टर गच्चीवर आणि मीटर खाली ओट्यावर, मधे २५ मीटर ४ चौरस मिमी तांब्याची केबल, असं असेल तर जाऊन-येऊन ०.२३ ओहम होतात. २० अँपिअरला साडेचार व्होल्टची भर पडली, तीही आपल्याच घरात. १० चौरस मिमी घेतली तर ही भर १.८ व्होल्टवर येते. त्याहून बरं म्हणजे इन्व्हर्टर मीटरजवळ सावलीत लावा आणि लांबची धाव डीसी केबलला करू द्या. डीसी बाजूला व्होल्टेज काही शे असतं, करंट कमी असतो, आणि तिथली घट ग्रिडच्या मापात येत नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत कोंबलेला इन्व्हर्टर उन्हाळ्यात तापून स्वतःच उत्पादन कमी करतो, ते वेगळंच.

सर्व्हिस वायर ६ ची असेल तर १६ चौरस मिमीची करून घ्या. ३० मीटरवर साडेपाच व्होल्टचे सव्वादोन होतात. एवढ्या थोड्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

बाकी साहित्य थोडक्यात. अनुदान हवं असेल तर पॅनल देशी सेलचे लागतात. सोलर डीसी केबल ४ चौरस मिमी, ऊन सोसणारी. एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, कारण वेगवेगळ्या मेकचे कनेक्टर बसतात, पण घट्ट जुळत नाहीत, आणि आगी तिथून लागतात. डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांत सर्ज प्रोटेक्टर. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: वीजरोधकाचा, डीसी-स्ट्रक्चरचा आणि एसीचा, प्रत्येकी ५ ओहमच्या आत. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या पावसात वीज पडण्याचं प्रमाण पाहता यात तडजोड नको. ॲल्युमिनियमची सर्व्हिस तांब्याला जोडताना बायमेटल लग वापरा. नुसती पिळून टेप मारलेली जोड दोन पावसाळ्यांत काळी पडते.

चालू करण्याच्या दिवशी

नेट मीटर बसायच्या आधी संच ‘जरा चालवून बघू’ म्हणून चालू करू नका. अनेक इलेक्ट्रॉनिक मीटर उलट गेलेली वीजही वापर म्हणून मोजतात. दिलेल्या युनिटचं बिल येतं आणि ते कमी करून घेताना दमछाक होते.

मीटर बसल्यावर एजन्सी आणि वितरण कंपनीचा माणूस हजर असतानाच पुढचं करून घ्या. प्रत्येक स्ट्रिंगचं (एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेचं) उघडं डीसी व्होल्टेज पॅनलच्या कागदाशी ताडून पाहा आणि ध्रुव तपासा. मग इन्व्हर्टर पूर्ण चालू असताना मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवरचं व्होल्टेज दोन सेकंदांत शून्यावर आलं पाहिजे. मेन परत चढवा आणि घड्याळ लावा. ६० सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने वीज द्यायला सुरुवात केली तर सेटिंग चुकीचं आहे. देशाच्या यादीत भारत सोडून भलताच देश निवडलेला असतो, हे पुष्कळदा निघतं.

ही चाचणी औपचारिकता नाही. खांबावर चढलेल्या लाईनमनने डीपी पाडलेली असते आणि लाईन मेलेली आहे या भरवशावर तो हात लावतो. बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर दुप्पट काळजी: बॅकअपचं आउटपुट वेगळ्या पेटीत, वेगळ्या सर्किटवर असलं पाहिजे. साध्या घरगुती इन्व्हर्टरची जुनी वायर आणि सोलरची नवी वायर एका बोर्डात मिसळली, की बॅकअपची वीज मेनमध्ये उलटी जायची वाट तयार होते. बाहेरून हात पोचेल असा, कुलूप लागेल असा एसी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) आणि मीटरपेटीवर ‘दोन्हीकडून वीज’ असा ठळक फलक लावा.

शेवटी मीटरचं बटण दाबून घेतलेले आणि दिलेले युनिट वेगळे दिसतात का पाहा. पुष्कळ मीटरवर १.८.० म्हणजे घेतलेले आणि २.८.० म्हणजे दिलेले. दुपारी दुसरा आकडा हलला पाहिजे. दोन्ही आकड्यांचा फोटो तारखेसह ठेवा. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि हिशोब ३१ मार्चला मिटतो. वेळेनुसार दराचा मीटर असेल तर दुपारी दिलेले युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होतात, ते तुमच्या वर्गवारीच्या चालू आदेशात वाचा.

तरीही ट्रिप होत असेल तर

आधी पुरावा गोळा करा. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये ट्रिपची वेळ आणि त्या क्षणाचं व्होल्टेज असतं. आठ दिवसांचं उतरवून घ्या. त्याच वेळी इन्व्हर्टर बंद ठेवून मीटरवर किती व्होल्ट आहेत, हेही दोन दिवस टिपा. सोलर बंद असतानाच २५० दिसत असतील तर वरूनच जास्त येतंय आणि हा प्रश्न डीपीचा आहे. सोलर बंद असताना २३८ आणि चालू असताना २५५ असतील तर प्रश्न तारेचा. अर्जासोबत हा तक्ता जोडला तर अभियंत्याला काम करणं सोपं जातं. नुसतं ‘सोलर बंद पडतं’ लिहिलं तर अर्ज फायलीत राहतो.

तारेच्या प्रश्नावर क्रम असा धरा: डीपीपासून घरापर्यंतचे न्यूट्रलचे सांधे आणि जंपर (खांबावर दोन तारा जोडणारे तुकडे) घट्ट करणं, फेज वाटून घेणं, सर्व्हिस वायर बदलणं आणि मग उघड्या तारेऐवजी जाड एबी केबल (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा). गावातल्या बऱ्याच तक्रारी पहिल्या दोन कामांत मिटतात आणि त्यांना पैसे जवळपास लागत नाहीत.

डीपीच्या प्रश्नावर टॅप, म्हणजे डीपीचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करायची जोडणी, बदलणं हा सरळ उपाय वाटतो. लहान डीपींना बहुधा टॅप नसतात. मोठ्यांना अडीच टक्क्यांच्या पायऱ्या असतात आणि त्या वीज बंद करून बदलाव्या लागतात. एक पायरी उतरवली की सुमारे सहा व्होल्ट कमी होतात, पण ते दिवसरात्र कमी होतात. संध्याकाळी सात वाजता शेवटच्या घरात आधीच २१५ येत असतील तर ते २०९ वर जातील आणि फ्रिज गुरगुरायला लागेल. टॅपला हात लावण्याआधी संध्याकाळचं माप घेतलं का, हे विचारा.

इन्व्हर्टरमध्येही दोन सोयी असतात. एक, पॉवर फॅक्टर बदलून व्होल्टेज दाबणं. मोठ्या लाईनवर ती चालते. एलटी तारेत रोध जास्त आणि रिॲक्टन्स (एसी करंटला होणारा चुंबकीय अडथळा) कमी असल्याने ०.९५ वर नेऊनही चढ जेमतेम बारा-पंधरा टक्के कमी होते. दुसरी, व्होल्टेज वाढेल तसं उत्पादन हळूहळू उतरवणं. हिच्यामुळे पूर्ण ट्रिप होऊन मिनिटभर शून्यावर बसण्याऐवजी ५ चे साडेतीन किलोवॅट तरी मिळत राहतात. ही चालू करून घ्या. मात्र ट्रिपची हद्द २५३ वरून वाढवून २७० करून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ट्रिप थांबेल, पण ते २७० तुमच्या आणि शेजाऱ्याच्या टीव्हीला मिळतील.

घरातला लोड दुपारी ओढणं हा फुकटचा उपाय. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, घरगुती गिरणी, गिझर अकरा ते दोनमध्ये. २ किलोवॅटचा लोड घरातच खपला तर तारेवर तेवढा करंट जात नाही आणि व्होल्टेज सहा-सात व्होल्टने खाली राहतं. आळीतल्या चार घरांनी मोटरच्या वेळा दुपारी घेतल्या तर डीपीवरही फरक दिसतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीसारखं सगळं गाव सोलरवर जातं, तेव्हा दुपारच्या वापराचं हे वेळापत्रक गावपातळीवरच बसवावं लागतं. एकट्याच्या मोटरने भागत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं

तुमच्या मापानंतर त्याच लाईनवर आणखी दोन घरांनी सोलर घेतलं की तुमचा हिशोब जुना होतो. वर्षातून एकदा व्होल्टेज पुन्हा घ्या, आणि ते मे महिन्यात घेऊ नका. मेमध्ये पॅनल तापलेले असतात, उत्पादन उतरलेलं असतं आणि घराघरांत कूलर चालू असतात. व्होल्टेजचं वर्षातलं टोक बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीला दिसतं: आकाश स्वच्छ, हवा गार, पंखेही बंद. अशा दिवशी बारा ते एकच्या दरम्यान ॲपमधला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. तो २४८ च्या आत असेल तर वर्षभर बहुधा त्रास होणार नाही. २५० ओलांडत असेल तर त्याच आठवड्यात न्यूट्रलचे सांधे तपासून घेण्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्या.